फोन घराचा, कायदा एकट्याचा

१० डिसेंबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला मनाई झाली आणि दोन महिने उलटायच्या आत तिचे पडसाद गोव्यात उमटले. जानेवारीत राज्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी सांगितले की गोव्यातही असे काही करता येईल का, याचा सरकार अभ्यास करत आहे. आंध्र प्रदेशातूनही त्याच सुमारास तोच सूर निघाला. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर या बातमीखाली अंगठ्यांची रीघ लागली. रोज संध्याकाळी फोनवरून घरात जी झटापट चालते, ती ज्यांच्या नशिबी आहे त्यांना वाटणारच की कोणीतरी वरून एकदाचा याचा निकाल लावून टाकावा.

मला मात्र वाटते, ही बंदी उद्या लागू झाली तरी आपल्या घरांतल्या मुलांना जे दिसू नये ते दिसतच राहील. कंपन्या पळवाटा काढतील, मुले वय खोटे सांगतील, ही कारणे सगळेच सांगतात आणि ती खरीही आहेत. मला खटकते ते याच्या आधीचे काहीतरी. जगभर होत असलेले हे कायदे एक माणूस, एक फोन, एक खाते असा हिशेब धरून लिहिलेले आहेत. आपल्याकडचा फोन घराचा असतो.

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल पाहा. चौदा ते सोळा वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८० टक्क्यांहून जास्त मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुले चौदाव्या वर्षी सुमारे २७ टक्के आणि सोळाव्या वर्षी सुमारे ३८ टक्के. मागच्या आठवड्यात समाजमाध्यम वापरले का, याला मात्र ७६ टक्के मुलांनी हो म्हटले. मधली ही सगळी मुले कोणाच्या फोनवर वावरत होती? आईच्या, काकाच्या, आजीच्या. हे आकडे देशाच्या ग्रामीण भागाचे आहेत. गोव्यात हातात पैसा थोडा अधिक, म्हणून स्वतःचा फोन कदाचित थोडा लवकर येत असेल. पण फोंडा-डिचोलीकडच्या वाड्यांवर मी जे पाहतो ते याहून फार वेगळे नाही. वडील तारवटी असतील तर ते सुटीवर येताना नवा फोन घेऊन येतात, परत बोटीवर जाताना तो घेऊन जातात आणि जुना घरी राहतो. त्यात सीम नसते, पण घरच्या वायफायवर तो झकास चालतो. त्यावरची सगळी खाती वडिलांची, जन्मतारीख वडिलांची. कंपनीच्या लेखी तो चाळिशीचा पुरुष असतो आणि फोन असतो पाचवीतल्या मुलाच्या हातात.

आजीच्या फोनचे तर विचारूच नका. देवस्थानचा गट, वाड्याचा गट, माहेरच्यांचा गट, भजनी मंडळाचा गट. सकाळी सुप्रभात, अकराच्या सुमाराला कोणाच्या तरी बाराव्याची सूचना. मग महामार्ग ६६ वर कुठेतरी दुचाकीवाला ट्रकखाली सापडतो आणि रुग्णवाहिका पोचायच्या आत त्याचा व्हिडिओ गटावर येऊन पडतो. बाजूला पडलेले हेल्मेट, रस्त्यावरचे रक्त, मागे कोणाचा तरी ‘अरे देवा, पळय रे’ असा आवाज, आणि खाली ‘गाडी सावकाश चालवा’ हा सदुपदेश. आजीने तो उघडलेलाही नसतो. पण वायफायवर फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय चालू असते, ती कोणी बंद केलेली नसते, त्यामुळे व्हिडिओ थेट गॅलरीत जातो. दुपारी नातू चवथीला गणपतीच्या वर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीचे फोटो बघायला गॅलरी उघडतो. माटोळीच्या शेजारच्या चौकटीत तो माणूस पडलेला असतो.

या मुलाला अनुचित मजकुरापासून वाचवण्यासाठी कोणत्या संकेतस्थळावर बंदी घालणार? तो व्हिडिओ वाड्यावरच्या एका भल्या गृहस्थाने, बहुधा चांगल्या हेतूने, पाठवलेला आहे. तशीच गत टीव्हीची. टीव्हीवरच्या यूट्यूबला मामाचे खाते जोडलेले असते. मामा रात्री जे बघतो त्यावरून पुढे काय सुचवायचे ते ठरते आणि सकाळी त्या पडद्यासमोर सहा वर्षांची भाची पोहे खात बसते.

ऑस्ट्रेलियाचा कायदा यात काय करतो? तो खात्यांबद्दल बोलतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठरावीक सेवांनी सोळा वर्षांखालच्यांची खाती ठेवू नयेत, एवढेच त्याचे म्हणणे. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या निरोपांच्या सेवा त्यातून वगळल्या आहेत. यूट्यूब खात्याशिवायही बघता येते, त्याला हरकत नाही. उलट खात्याशिवाय बघणाऱ्या मुलाला मुलांच्या खात्यावर मिळणारे संरक्षणसुद्धा मिळत नाही. म्हणजे आजीची गॅलरी, मामाचा टीव्ही आणि वडिलांचा जुना फोन या तिन्हींना तो कायदा हात लावत नाही. तिथे कदाचित त्याची तेवढी गरजही नसेल. आपल्याकडे मात्र खरी गोष्ट याच तीन ठिकाणी घडते.

तरीही त्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला पटतात आणि त्या मान्य केल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. पहिली म्हणजे दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा आईबापांना काही शिक्षा नाही. दुसरी गोष्ट पालकांच्या बाजूची. वर्गातल्या चाळीसपैकी पस्तीस मुले इन्स्टाग्रामवर असतील तर आपल्या एकट्या मुलीला अडवणे म्हणजे तिला वाळीत टाकणे होते. सगळ्यांना एकदमच मनाई असली की हा पेच सुटतो, आई ‘कायद्यानेच नाही’ म्हणून मोकळी होते. बंदीच्या बाजूने मी ऐकलेले हे सर्वांत वजनदार म्हणणे आहे. एकेकट्या पालकाने लढायची ही लढाईच नव्हे, हे खरे आहे. माझा प्रश्न एवढाच की सगळ्यांनी मिळून जी काठी उचलायची ती नेमकी कुठे टेकवायची.

गोव्याला याचे उत्तर शोधायला सिडनीला जायचे कारण नाही. आपल्याकडे २००३ सालचा गोवा बाल कायदा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र बालन्यायालय आहे. हा कायदा आकाशातून पडला नाही. १९९१ साली मडगावात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला अटक झाली, मुलांची अश्लील छायाचित्रे त्याच्याकडे ढिगाने सापडली आणि १९९६ मध्ये त्याला शिक्षा झाली. समाजसेवक म्हणून मिरवणाऱ्या माणसाने आपल्या डोळ्यांदेखत हे केले, या लाजेतून गोव्यात जी जाग आली तिचा त्या कायद्यात मोठा वाटा आहे. त्यातल्या दोन तरतुदी आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. फिल्म धुणाऱ्या स्टुडिओवाल्याला तिच्यात मुलांचे अश्लील चित्रण दिसले तर त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास शिक्षा त्याला. आणि हॉटेलच्या आवारात मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची आणि व्यवस्थापकाची. घरच्या किंवा नात्यातल्या माणसांबरोबर नोंद नसलेले मूल त्यांनी खोलीत जाऊ द्यायचे नाही. मुलाने कुठे जाऊ नये याची यादी करत बसण्याऐवजी ज्याच्या जागेत, ज्याच्या धंद्यात हे घडू शकते त्याला कायद्याने गाठले. फिल्म धुण्याचे दिवस गेले. पण ते कलम लिहिणाऱ्यांनी बोट बरोबर जागी ठेवले होते.

आता अडचण अशी की फोनचा आणि इंटरनेटचा धंदा राज्याच्या अखत्यारीत येत नाही. दूरसंचार हा राज्यघटनेच्या केंद्रसूचीतला विषय आहे, माहिती तंत्रज्ञान कायदा केंद्राचा आहे. गोवा विधानसभेने उद्या सोळा वर्षांखाली इन्स्टाग्राम बंद असा ठराव केला तर तो राज्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत तरी टिकेल का, याची मला शंका आहे. न्यायालयात तर त्याची परीक्षा लगेच होईल.

केंद्राने काही केलेच नाही असे नाही. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवरच्या मजकुराला वयाचे शिक्के आले आणि तेरा वर्षांवरच्यांसाठी म्हणून ठरवलेल्या मजकुराला पालकांचे कुलूप द्यावे लागले. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणखी पुढे गेला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची खातरजमा केलेली संमती हवी. मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने मिळाले. पाळत आणि जाहिराती बंद करणारे कलम मला या सगळ्यांत मोलाचे वाटते, कारण ते धंद्याच्या मुळावर बोट ठेवते. पण संमतीचा भाग वाचताना हसू येते. संमती कशी घेणार? शेवटी आईच्या फोनवर ओटीपी येईल. आमच्याकडे आईच्या फोनवरचा ओटीपी वाचतो कोण? गॅसचे बुकिंग, विजेचे बिल, बँकेचा निरोप, सगळे ज्याला वाचायला सांगितले जाते तो मुलगाच. ‘बाबू, बघ रे काय आलंय ते’ म्हणून आई फोन पुढे करते आणि पुत्र स्वतःच्या वतीने आईची संमती देऊन टाकतो. शिवाय सहा वर्षांचा आणि साडेसतरा वर्षांचा यांना एकाच मापाने मोजणारा कायदा दोघांनाही नीट बसत नाही. बारावीतल्या मुलाने प्रत्येक गोष्टीला आईची परवानगी मागावी असे म्हटले की तो सरळ आईच्याच खात्यावर जाऊन बसतो, आणि तिथे तो कायद्याच्या दृष्टीने प्रौढ होतो.

संकेतस्थळे बंद करण्याचा प्रयोगही आपण करून बसलो आहोत. २०१५ मध्ये ८५७ अश्लील संकेतस्थळे बंद करायचा आदेश निघाला आणि आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांतच तो सैल केला गेला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ८२७ बंद झाली. एका अक्षराचा फरक करून त्याच दुकानांनी शेजारी नवे दार उघडले. त्यात आता इंटरनेटवरची बहुतेक वाहतूक कुलूपबंद असते. इंटरनेट पुरवणाऱ्याला पत्ता दिसतो, त्या पत्त्यावर आत काय चालले आहे ते दिसत नाही. पूर्ण संकेतस्थळ बंद करता येते, रीलमधला एक तुकडा नाही. आणि मुलांना जे भेटते ते आज बहुतेक तुकड्यांतच भेटते.

राहिली वयाची पडताळणी. ब्रिटनने २५ जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांना ती सक्तीची केली. चेहरा दाखवा, ओळखपत्र दाखवा, मग आत जा. लगेच तिथे अ‍ॅपच्या दुकानात सर्वांत वर जाऊन बसले ते व्हीपीएन, म्हणजे मी ब्रिटनमध्ये नाहीच असे भासवणारे अ‍ॅप. आपल्याकडे हे आले तर ओळखपत्र म्हणजे आधार, हे सांगायला ज्योतिषी नको. मुले आत जाऊ नयेत म्हणून घरातल्या सगळ्या मोठ्यांनी आपले आधार आणि चेहरे अशा धंदेवाल्यांच्या हवाली करावेत, हा सौदा मला महाग वाटतो. इथले सिमकार्डवाले आधारच्या झेरॉक्सचे काय करतात ते आपण पाहिले आहे.

वयाच्या दारांचा अनुभव गोव्याला दुसऱ्या कोणाहून जास्त आहे. एकवीस वर्षांखालच्याला कॅसिनोत प्रवेश नाही आणि मांडवीच्या धक्क्यावर तो नियम पाळता येतो, कारण बोटीत चढायला फळी एकच असते आणि फळीवर माणूस उभा असतो. पण त्याच कॅसिनोचे फलक पुलांवर, महामार्गावर, विमानतळाच्या वाटेवर दिमाखात उभे असतात आणि शाळेच्या बसमधून सातवीतली मुले ते रोज वाचत जातात. त्याबद्दल पालकांच्या गटावर मला कधी अंगठे दिसले नाहीत. हे विषयांतर झाले, पण फोनमधून येणारे तेवढे वाईट आणि रस्त्यावर उभे केलेले ते पर्यटन, हा हिशेब मला कधी उलगडलेला नाही.

तर मग काठी कुठे टेकवायची? फोन घराचा आहे, तेव्हा आडकाठीही घरालाच घालावी लागेल. सगळ्यांत सोपी जागा म्हणजे वायफायची पेटी. त्या पेटीत एक पत्ता बदलला की अश्लील आणि घातक संकेतस्थळांची नावे उघडतच नाहीत. अशी कुटुंबांसाठीची मोफत सेवा मोठ्या कंपन्या देतात, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता त्यातलाच एक. वडिलांच्या सीम नसलेल्या जुन्या फोनला ही आडकाठी लागू होते, टीव्हीला होते, टॅबला होते. खाते कोणाचे, वय किती, हे विचारायचे कारण पडत नाही. फायबर जोडायला येणारा मुलगा छतावरून वायर ओढतो, पेटी भिंतीला ठोकतो, पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि जातो. त्याच वेळी दोन मिनिटांत हे होऊ शकते.

पण ते ‘हवे असल्यास’ ठेवून चालणार नाही. ब्रिटनने हा धडा आधीच शिकून ठेवला आहे. तिथल्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी २०१३-१४ मध्ये नव्या ग्राहकांना चाळणी हवी का, असे विचारायला सुरुवात केली. ऑफकॉम या तिथल्या नियामकाने २०१४ च्या जुलैमध्ये मोजले तेव्हा व्हर्जिनच्या ४ टक्के, बीटीच्या ५ टक्के आणि स्कायच्या ८ टक्के नव्या ग्राहकांनी ती घेतली होती. फक्त टॉकटॉककडे हे प्रमाण ३६ टक्के होते. पुढे स्कायने उलटे केले. चाळणी आधीपासून चालू, नको असेल त्याने बंद करायला सांगावे. आपल्याकडेही जोडणी देतानाच ती चालू असावी, ज्याला नको त्याने फोन करून काढून घ्यावी आणि कारण विचारू नये. नियामक केंद्राचा असला तरी सरकारी पैशातून जिथे जाळे पोचते, ग्रंथालयांत, पंचायतींत, शाळांत, तिथे राज्याला कोणाची परवानगी लागत नाही. स्थानिक केबलवाल्यांशीही राज्य बोलू शकते.

या चाळणीला भोके आहेत. मुलाने मोबाइल डेटा चालू केला की ती संपली. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अपघात तिला दिसत नाही. आणि कधी कधी ती नको ते अडवते. पाळीबद्दल, वयात येण्याबद्दल, अत्याचार झाल्यास काय करावे याबद्दल नीट माहिती देणारी संकेतस्थळेसुद्धा अशा चाळण्यांत अडकल्याची उदाहरणे ब्रिटनमध्ये झाली. आमच्याकडे तेरा वर्षांची मुलगी हे प्रश्न घरात कोणाला विचारत नाही. तिच्यासाठी इंटरनेट हाच एक दरवाजा असतो. म्हणून चाळणीत काय अडकते ते तपासून सोडवून द्यायची सोय नसेल तर तीही घातकच.

फोन बनवणाऱ्यांनी आणि अ‍ॅपवाल्यांनी करायचे ते याहून मोठे आहे आणि ते केंद्राने त्यांच्याकडून करून घ्यायला हवे. आजच्या फोनवर मुलासाठी वेगळी व्यवस्था करता येते, पण त्यासाठी मुलाचे वेगळे खाते उघडा, जन्मतारीख घाला, दुसऱ्या फोनशी जोडा, असा घोळ असतो. तो मुलाचा स्वतःचा फोन आहे असे धरून केलेला आहे. ‘मातसो फोन दी गो’ म्हणत पाच मिनिटांसाठी फोन मागणाऱ्या मुलासाठी त्यात काही नाही. कुलूप उघडण्याच्या जागीच एक खूण असावी, ती दाबून फोन दिला की गॅलरी, व्हॉट्सअ‍ॅप आणि बाकी पसारा झाकला जावा, परत मोठ्याचे बोट लागले की उघडावा. हे तंत्रज्ञान अवघड नाही. फोनवर पाहुण्यांसाठी वेगळा कप्पा कितीतरी वर्षे आहे, तो फक्त आत खोल कुठेतरी पुरलेला आहे. आणि व्हिडिओ आपोआप पुढे चालू होणे, न मागता सुचवण्या येणे, हे सगळ्यांसाठीच मुळात बंद असावे. ज्या मोठ्यांना हवे त्यांनी चालू करावे. त्यांना एक बटण दाबायचा त्रास होईल. होऊ दे. मुलाचे वय ओळखण्याची कंपनीची आणि आपली दोघांचीही कटकट त्यात वाचते.

शाळांच्या समुपदेशकांबद्दल फार थोडे बोलले जाते. गोवा शिक्षण विकास महामंडळाने शाळांना समुपदेशक देण्याची योजना सुरू केली, ही देशात सगळीकडे न मिळणारी गोष्ट आहे. पण एकेकाकडे एकाहून जास्त शाळा, नेमणूक कंत्राटी. काहीतरी भयंकर बघून बसलेला सहावीतला मुलगा मंगळवारी बोलायला तयार झाला आणि बाई येणार शुक्रवारी, तर तो शुक्रवारपर्यंत थांबत नाही. घरी तर तो सांगणारच नाही, कारण घरी त्याची शिक्षा ठरलेली आहे: फोन बंद. मुलांशी बोलणाऱ्या शिक्षकांना विचारा, मुले का लपवतात. पहिले उत्तर हेच येईल. सरसकट बंदी आली की हे आणखी पक्के होईल. ज्या गोष्टीला कायद्याने मनाई आहे ती आपण केली, हे सांगायला कोणते मूल पुढे येईल? १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो, ते ठीक. पण वर्गाच्या दाराबाहेर रोज दिसणारे माणूस आणि भिंतीवरचा क्रमांक यांत फरक आहे.

आणि शाळेचा विषय निघालाच आहे तर सर्वांत जवळचे बोलून घेऊ. प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या हातात रोज संध्याकाळी फोन कोण देते? शाळाच देते. २०२० मध्ये टाळेबंदी आली, वर्ग फोनवर गेले, सत्तरी-सांग्याकडची मुले रेंजसाठी डोंगरावर चढून बसली. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. शाळा उघडल्या, पण गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवरच राहिला. संध्याकाळी सात वाजता वर्गाच्या गटावर फळ्याचा फोटो येतो, त्यामागून पीडीएफ, मग ‘उद्या मातीचा नागोबा आणावा’ अशी सूचना, मग सत्तर पालकांचे ‘ओके मॅडम’. मूल ‘गृहपाठ बघतो’ म्हणून फोन घेते. आई स्वयंपाकात असते. गणिताचा फोटो वर जातो, खाली कोणाचा तरी स्टेटस असतो, स्टेटसमध्ये रीलचा दुवा असतो, आणि साडेआठला जेवायला हाका मारूनही मूल उठत नाही तेव्हा ‘काय बघतोस रे एवढं’ म्हणून भांडण सुरू होते. ज्या पालकाने ठरवले आहे की आपल्या मुलाला फोन द्यायचा नाही, त्यालाही तो द्यावा लागतो, कारण नाही दिला तर गृहपाठ राहतो आणि शेरा मुलाच्या वहीत पडतो.

यासाठी संसदेत विधेयक लागत नाही, ऑस्ट्रेलियाचा दौरा लागत नाही, समिती लागत नाही. पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाने एक परिपत्रक काढावे: आठवीपर्यंतचा गृहपाठ वर्गात, मुलाच्या वहीत लिहून दिला जाईल, व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त पालकांसाठीचे निरोप जातील, तेही गटावर उत्तरे देता येणार नाहीत अशा रीतीने. शिक्षक म्हणतील, वर्गात चाळीस मुलांकडून लिहून घेण्यात तासाची दहा मिनिटे जातात. जातात, आणि ती तासातून काढायची तर अभ्यासक्रम कुठे कमी करायचा हेही संचालनालयाने त्याच परिपत्रकात सांगावे, ते ओझे बाईंच्या डोक्यावर टाकू नये. आजारी मुलाचा गृहपाठ शेजारच्या बाकावरच्या मुलाने पूर्वी आणून दिला, तसा तो आताही आणून देऊ शकेल. खासगी अनुदानित शाळा नाराज होतील, कारण त्यांच्या अ‍ॅपवर त्यांनी पैसे खर्च केले आहेत. त्यांच्याशी बोलायला वेळ लागेल. सरकारी प्राथमिक शाळांपासून तर जूनमध्ये सुरुवात करता येईल.